बारीला जाताय? मग दिवस पोटाच्या घड्याळाने आखा

इटलीला जाणारी आपली मंडळी रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करतात आणि फार तर नेपल्सपर्यंत उतरतात. बारी वाटेत लागत नाही, तिथे मुद्दाम जावं लागतं. इटलीच्या बुटाच्या टाचेजवळ, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर हे बंदर आहे. पुल्या प्रांताची ही राजधानी, वस्ती साधारण तीन लाख. बरेच प्रवासी बारीला उतरतात ते ग्रीस किंवा अल्बेनियाची बोट पकडायला, नाहीतर तशीच ट्रेन बदलून मातेराला जायला. मी आईला घेऊन गेले तेव्हा आमचाही बेत एका रात्रीचाच होता. चार रात्री राहिलो.

कारण असं की बारीत दिवसभर सगळं मिळत नाही. इथे प्रत्येक पदार्थाला वेळ आहे, ऋतू आहे आणि बहुतेक वेळा ठरलेली गल्लीही आहे. सकाळी अकराला जे भट्टीतून निघतं ते तीनला नसतं, आणि जे रात्री आठला कढईत पडतं ते दुपारी मागून मिळत नाही. ‘आधी सगळं बघू, मग भूक लागली की खाऊ’ हा हिशोब इथे चुकतो. आधी खाण्याच्या वेळा ठरवा. चर्च, किल्ला, समुद्र मधल्या वेळात आपोआप बसतात, कारण जुनं शहर पायी अर्ध्या तासात ओलांडता येतं.

ऋतू आधी, तिकीट नंतर

हवा एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात सगळ्यात चांगली. ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं, आणि १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास स्थानिक लोक स्वतःच समुद्रावर गेलेले असतात, त्यामुळे घरगुती खाणावळी बंद सापडतात. पण खाण्यासाठी जाणार असाल तर हवेबरोबर पाटीत काय आहे तेही बघायला हवं.

बारीची सगळ्यात प्रसिद्ध भाजी म्हणजे ‘चीमे दि रापा’. सलगमच्या कुळातला कोवळा पाला आणि त्याच्या न उमललेल्या कळ्या, चवीला मोहरीच्या पाल्यासारख्या किंचित कडू. ही थंडीतली भाजी, साधारण नोव्हेंबर ते मार्च. जुलैमध्ये कुणी ताजी म्हणून वाढत असेल तर ती बहुधा फ्रीझरमधून आलेली आहे. उन्हाळ्यात त्याऐवजी ‘बारात्तिएरे’ मागा. दिसायला लहान गोल टरबूज, खायला काकडी. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे आपल्या चिबडाचं भावंड आहे. आपण चिबूड पिकवून साखर घालून खातो, ते लोक कोवळा असतानाच फोडी करून मिठाशिवाय खातात. कोकणातल्या माणसाने हे फळ बाजारात शोधावंच.

ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत दोन पोळ्यांमध्ये कांदा भरून भाजलेला ‘पाय’ (इंग्रजीतला pie) मिळतो, १९ मार्चला संत जोसेफच्या दिवशी क्रीम भरलेल्या ‘त्सेप्पोले’, आणि नाताळात ‘कार्तेल्लाते’. पातळ लाटलेल्या पट्टीला चिमटे काढून फुलासारखी गुंडाळायची, तळायची आणि आटवलेल्या द्राक्षरसात बुडवायची. पहिल्यांदा बघताना पाकातल्या चिरोट्याची आठवण येतेच.

७ ते ९ मे हे शहराच्या मोठ्या उत्सवाचे दिवस. १०८७ साली बारीच्या बासष्ट खलाशांनी आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावातून संत निकोलसच्या अस्थी उचलून आणल्या आणि ९ मे रोजी त्या या बंदरात उतरवल्या. ज्या संतावरून पुढे सांताक्लॉज घडला, तोच हा. त्या अस्थींसाठी बांधलेली सान निकोला बॅसिलिका आजही जुन्या शहराच्या मध्यभागी आहे, आणि रशिया, युक्रेनसारख्या देशांतले ऑर्थोडॉक्स यात्रेकरूही तिथे येतात. उत्सव बघण्यासारखा आहे, पण खोल्या महाग होतात, खाणावळीत जागा मिळत नाही. शांतपणे खायचं असेल तर हे तीन दिवस टाळा.

व्हिसा आणि पोचणं

यावर फार लिहीत नाही. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत आलेला अर्ज धोक्याचा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा हवा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला उशीर लागतो, तेव्हा दोन-अडीच महिने हाताशी ठेवा.

भारतातून बारीला थेट विमान नाही. इस्तंबूल, रोम किंवा मिलानला बदलून येता येतं. रोम बघून येणार असाल तर ट्रेन उत्तम, जलद गाडीने साधारण चार तास. बारीच्या विमानतळाला पोप जॉन पॉल दुसरे यांचं मूळ नाव दिलं आहे, कारोल वोइतिवा. तिथून शहराच्या मुख्य स्टेशनपर्यंत, म्हणजे बारी चेंत्राले, थेट ट्रेन आहे. वीस मिनिटांच्या आसपास लागतात. सामान जास्त नसेल तर टॅक्सीची गरज नाही.

राहायचं कुठे

बारीचे दोन भाग लक्षात घ्या. समुद्रात घुसलेल्या टोकावर जुनं शहर, त्याला ‘बारी वेक्क्या’ म्हणतात. त्याच्या दक्षिणेला काटकोनात आखलेल्या सरळ रस्त्यांचं नवं शहर. नेपोलियनचा मेहुणा, नेपल्सचा राजा जोआकिम म्युरा याच्या काळात, १८१३ मध्ये त्याचा पाया घातला गेला, म्हणून त्याचं नाव ‘मुरात’. दोहोंच्या मध्ये कोर्सो वित्तोरियो एमानुएले हा रुंद रस्ता.

माझा सल्ला मुरात भागात, पण त्या कोर्सोपासून पाच-सात मिनिटांवर राहण्याचा. जुन्या शहरातली घरं सुंदर आहेत, पण गल्ल्या दगडी आहेत, चाकाची बॅग ओढताना हात भरून येतात, जिने उभे असतात आणि लिफ्ट क्वचितच. वयस्कर कुणी बरोबर असेल तर हे आधी विचारून घ्या. शहराचा पर्यटक कर खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो, तो बहुतेक ठिकाणी वेगळा द्यावा लागतो.

खाण्याचं घड्याळ

हे पाठ करून ठेवा. सकाळी सात ते दहा कॉफी आणि काहीतरी गोड. दहा ते एक फोकाच्चा, म्हणजे भट्टीतला चपटा तेलाचा पाव, आणि मासळी बाजार. एक ते अडीच जेवण. त्यानंतर स्वयंपाकघरं बंद होतात, आणि रात्री साडेसात-आठच्या आत उघडत नाहीत. बेकऱ्याही दुपारी मिटतात, संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा उघडतात. रात्रीचं जेवण आठनंतर, स्थानिक लोक नऊलाच बसतात. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बऱ्याच खाणावळी बंद असतात.

आपल्याकडची सवय संध्याकाळी पाचला काहीतरी खायची आणि आठला जेवायची. लहान मुलं किंवा औषधं वेळेवर घेणारी माणसं बरोबर असतील तर सकाळीच फोकाच्चाचा जास्तीचा तुकडा बांधून घ्या. तो थंडही चांगला लागतो.

सकाळ: कॉफी, बंदर, भट्टी

इटलीत ‘बार’ म्हणजे दारूचा अड्डा नव्हे. सकाळची कॉफी मिळते ती जागा म्हणजे बार. काउंटरशी उभं राहून प्या. एस्प्रेसो दीड युरोच्या आत मिळतो, टेबलाशी बसलं की दर बदलू शकतो. उकाड्याच्या दिवसांत ‘काफ्फे लेच्चेसे’ मागा. शेजारच्या लेच्चे शहराची ही पद्धत, बर्फावर एस्प्रेसो आणि त्यात बदामाचं गोड दूध.

कॉफी झाली की थेट समुद्राकडे. थिएट्रो मार्घेरिता ही १९१४ ची देखणी इमारत समुद्रात खांब रोवून उभी केलेली आहे. तिच्याजवळच सान निकोला धक्का लागतो, कोळ्यांच्या बोलीत ‘न्देर आ ला लान्त्से’, म्हणजे होड्यांपाशी जमिनीवर. लहान होड्या लागलेल्या असतात, प्लास्टिकच्या टोपल्यांत लहान माकूल, कोळंबी, शिनाणे. आणि ऑक्टोपस.

ऑक्टोपस मऊ कसा करतात ते इथे डोळ्यांनी बघायला मिळतं. कोळी त्याला डोक्याकडून धरतो आणि ओल्या दगडावर आपटतो. धोबीघाटावर कपडा आपटावा तसाच आवाज, एकदा नाही, कितीतरी वेळा. मग टोपलीत थोडं समुद्राचं पाणी घेऊन दोन्ही हातांनी टोपली पुढेमागे हेलकावत राहतो, तांदूळ पाखडतात त्या लयीत. पाण्याला फेस येतो, आणि बघता बघता सैल पडलेल्या भुजांची टोकं गोल वळायला लागतात. पूर्ण कुरळा झाला की झाला तयार. बारीकर तो तिथेच कच्चा खातात, हातात पेरोनी बिअरची बाटली. सकाळी साडेदहाला.

कच्च्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बारीत कच्ची मासळी खाणं ही जुनी, अभिमानाची गोष्ट आहे. पण १९७३ मध्ये नेपल्समध्ये आणि इथेही कॉलऱ्याची साथ आली होती, आणि संशय दूषित शिंपल्यांवर होता. आज नियम कडक आहेत, तरी ज्या पोटाला सवय नाही त्याने धक्क्यावर उघड्या टोपलीतलं कच्चं खाऊ नये असं माझं मत आहे. चव घ्यायचीच असेल तर चांगल्या खाणावळीत ‘क्रूदो दि मारे’ मागवा आणि कच्चे शिनाणे वगळा. गर्भवती स्त्रिया, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी पूर्ण टाळा. शिजवलेल्या ऑक्टोपसचा पाव हा उत्तम पर्याय आहे, आणि तो बारीत खूप ठिकाणी मिळतो.

आता फोकाच्चा. इटलीत फोकाच्चा सगळीकडे मिळतो, पण बारीचा वेगळा. मैद्याबरोबर ड्युरम गव्हाचा बारीक रवा आणि उकडून कुस्करलेला बटाटा, पीठ इतकं सैल की ते लाटता येत नाही, बोटांनी पसरावं लागतं. गोल काळ्या लोखंडी ताटात ऑलिव्ह तेल सढळ हाताने ओततात, त्यामुळे तळ भाजला जात नाही, जवळजवळ तळला जातो. वर हाताने चुरलेले टोमॅटो, ऑलिव्ह, ओरेगानो, जाडं मीठ. कड कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत, आणि टोमॅटोचा रस जिथे मुरतो तिथे ओलसर. चीज नाही, मांस नाही. शाकाहारी माणसाने निश्चिंत मनाने खावा. फक्त ऑलिव्हमध्ये बी असते, घास घेताना जपून.

सान निकोला बॅसिलिकेजवळ पानिफिचो फिओरे ही बेकरी आहे, आणि सान्ता रीता नावाची दुसरी जुन्या शहरातच. दोन्हीकडे रांग असते, रांग पटकन सरकते. ‘ऊन पेत्सो’ म्हणा, म्हणजे एक तुकडा. दोन-तीन युरोंत पोट भरतं. कागदात गुंडाळलेला तो गरम, तेलकट तुकडा घेऊन चौकात पायरीवर बसायचं. तिथे सगळे तेच करत असतात.

नखुल्यांची गल्ली

नॉर्मन काळात सुरू झालेला आणि तेराव्या शतकात फ्रेडरिक दुसऱ्याने पुन्हा बांधलेला किल्ला जुन्या शहराच्या कडेला आहे. त्याच्यासमोरच्या कमानीतून आत शिरलं की स्त्रादा आर्को बास्सो ही गल्ली लागते. दारात लाकडी टेबलं मांडून बायका ओरेक्किएत्ते करत बसलेल्या असतात. ओरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान, त्या आकाराचा हा पास्ता.

पीठ फक्त ड्युरम रवा आणि पाण्याचं, अंडं नाही. आधी पिठाची दोरी वळतात. मग बोथट टोकाच्या सुरीने नखाएवढा तुकडा कापायचा, सुरी त्याच्यावर टेकवून स्वतःकडे खसकन ओढायची. तुकडा सुरीखाली वळून गोल होतो. तो अंगठ्याच्या टोकावर उलटा केला की कान तयार. सुरीच्या ओढण्यामुळे बाहेरची बाजू खरबरीत होते, आणि भाजीचं तेल, टोमॅटोचा रस नेमका त्या खरबरीत बाजूला धरून राहतो. आई बराच वेळ उभी राहून बघत होती. मग म्हणाली, “अगं, या तर नखुल्या!” तिच्या लहानपणी घरात लग्न ठरलं की शेजारच्या बायका जमून गव्हले, मालत्या, नखुल्या करायच्या. टेबलामागच्या बाईंना मराठी कळायचं कारण नव्हतं. आईने बोटांनी हवेत नखुली वळून दाखवली, आणि त्यांनी पिठाचा एक तुकडा काढून आईसमोर सरकवला. आईची नखुली लहान निघाली, कान तर अजिबात नव्हता. त्यांनी ती उचलून आपल्या जाळीवर, बाकीच्यांत वाळत ठेवली.

विकत घेताना एक खबरदारी. या गल्लीत गर्दी इतकी वाढली आहे की कारखान्यातला माल हातचा म्हणून विकला जातो अशा तक्रारी झाल्या आहेत. जिच्या हातून होताना पाहिलं, तिच्याकडूनच घ्या. हातचे कान एकसारखे नसतात, काही जाड, काही वाकडे. फोटो काढण्याआधी विचारा. ते त्यांचं अंगण आहे. आतल्या खोलीत कॅमेरा नेऊ नका.

दुपारचं जेवण

खाणावळीत बसल्यावर बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल. माणशी दोन-तीन युरो. ही फसवणूक नाही, पाव आणि टेबलाचा आकार आहे. टिप सक्तीची नाही. पाणी बाटलीबंद येतं, ‘नातुराले’ म्हणजे साधं आणि ‘फ्रित्सान्ते’ म्हणजे सोड्यासारखं. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, ‘इल कोन्तो’ म्हणा.

मासे खाणाऱ्यांनी पहिल्या दुपारी ‘रीसो, पाताते ए कोत्से’ घ्यावं. बारीत तिला नुसतं तिएल्ला म्हणतात, हे भांड्याचंच नाव आहे. बटाट्याच्या चकत्या, कांदा, टोमॅटो, त्यावर अर्धे उघडलेले शिनाणे, त्यावर कच्चे तांदूळ, किसलेलं चीज, पुन्हा बटाटे. शिनाण्यांचं खारट पाणी टाकून देत नाहीत, तांदूळ त्यातच शिजतो. आपल्याकडच्या शिनाण्यांच्या भाताशी हिचं गोत्र जुळतं, फक्त इथे मसाल्याची जागा ओव्हनच्या धगीने घेतली आहे. वरचा बटाटा तांबूस झालेला असला पाहिजे. हा पदार्थ पुष्कळदा ठरावीक वारीच करतात, म्हणून आदल्या दिवशी विचारा.

आणि मग स्पॅगेटी आल्लास्सास्सीना. शब्दशः ‘खुनी स्पॅगेटी’. १९६० च्या दशकात बारीतल्या आल सोर्सो प्रेफेरीतो या खाणावळीत हिचा जन्म झाला असं मानतात. स्पॅगेटी पाण्यात उकडतच नाहीत. काळ्या लोखंडी कढईत तेल, लसूण, भरपूर सुकी मिरची, टोमॅटो, आणि त्यावर कोरडीच स्पॅगेटी. टोमॅटो घातलेलं गरम पाणी पळी-पळीने सोडायचं, आटू द्यायचं, तळाला धरू द्यायचं, आवाज तडतडायला लागला की उलटायचं. शेवटी काही भाग लालभडक आणि काही चक्क जळका. ज्याला भाताची खरवड आवडते, भगोण्याच्या तळासाठी जो भावंडांशी भांडला आहे, त्याला हिची ओळख करून द्यावी लागत नाही. नाकात तिखट जाईल इतकी तिखट, अंडं नाही, मांस नाही. नॉनस्टिकवर केलेली, रसात पोहणारी स्पॅगेटी पुढे आली तर ती ही नव्हे. चांगली करणाऱ्या ठिकाणी तयार व्हायला वेळ लागतो. आधी टेबल राखून ठेवा.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा

दुसऱ्या दुपारी एका खाणावळीत आईसाठी ‘ओरेक्किएत्ते, चीमे दि रापा’ मागवली. कार्डावर पास्ता आणि भाजी एवढंच लिहिलेलं. मी ‘सेन्झा कार्ने’, मांसाशिवाय, असंही सांगितलं होतं. दोन घासांनंतर आईने काटा खाली ठेवला. खारवलेली आच्चुगे त्यात होती, आपल्या मांदेलीच्या कुळातली छोटी मासळी. लसणाबरोबर गरम तेलात ती विरघळून जाते, डोळ्यांना दिसत नाही. वाढणाऱ्याने खोटं काही केलं नव्हतं. त्यांच्या लेखी मासळी म्हणजे ‘कार्ने’ नाहीच. पण आई दिवसभर काही खाऊ शकली नाही, आणि ती चूक माझी होती.

म्हणून वाक्य पूर्ण म्हणा: ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा आच्चुगे’. मांस, मासळी, आच्चुगे, तिन्ही नकोत. कागदावर लिहून दाखवलं तर आणखी चांगलं. हेच ओरेक्किएत्ते लसूण, तेल, मिरचीत आच्चुगेशिवाय करून देतात, आणि सुरेख लागतात.

‘राग्यू’ शब्द दिसला की मांस आहे असं धरा. बारीत राग्यूतले मांसाचे गुंडाळे पुष्कळदा घोड्याच्या मांसाचे असतात, कार्डावर ‘काव्हाल्लो’ लिहिलेलं असतं. ‘मांझो’ म्हणजे गोमांस, ‘माय्याले’ म्हणजे डुकराचं. मांसाहार करणाऱ्यांनीही हे तीन शब्द माहीत करून घ्यावेत. बिस्किटांत किंवा पेस्ट्रीत ‘स्त्रूत्तो’ असेल तर ती डुकराची चरबी. चीज दुधाचं असलं तरी त्यासाठी दूध फाडायला वापरलेलं रेनेट बहुधा प्राणिज असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘काल्यो वेजेताले’ आहे का विचारावं.

आता आनंदाची बाजू. दक्षिण इटलीचं हे गरिबांचं स्वयंपाकघर मुळात शाकाहाराच्या जवळचं आहे. ‘फावे ए चिकोरिए’ घ्याच. सोललेल्या सुक्या बाकल्याच्या दाण्यांचं, म्हणजे फावाच्या डाळीचं, घट्ट वरण, त्याच्याशेजारी उकडलेला कडवट चिकोरीचा पाला, वर कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. वरण आणि पालेभाजी, भाकरीऐवजी पाव. आईने हे सलग दोन दिवस मागवलं. बुर्राता चालत असेल तर ती बारीजवळच्या आंद्रिया गावचीच आहे, ताजेपणात इथे तिला तोड नाही. मोझरेलाच्या पिशवीत साय आणि चीजचे धागे भरलेले असतात, सुरी लावली की साय ताटात उतरते. त्याच दिवशीची आहे का ते विचारा, ‘दि ओज्जी?’

संध्याकाळ आणि रात्र

साडेपाच-सहाला शहर समुद्रावर निघतं. लुंगोमारे म्हणजे समुद्रकाठचा लांबच लांब रस्ता, ओतीव लोखंडाचे दिव्यांचे खांब, कठड्यावर बसलेली म्हातारी मंडळी. दक्षिणेकडे चालत गेलात तर शहराचा पोहण्याचा किनारा लागतो, त्याचं नावच ‘पाने ए पोमोदोरो’, पाव आणि टोमॅटो. परत येताना कुठल्याही तळणीच्या दुकानातून पान्त्सेरोत्तो घ्या. मोझरेला आणि टोमॅटो भरलेली, अर्धचंद्राकृती, करंजीच्या तिप्पट मोठी तळलेली पिशवी. आत वाफ कोंडलेली असते. कोपरा तोडून वाफ जाऊ द्या, नाहीतर जीभ भाजलीच. आत हॅम किंवा खिमा भरलेलेही असतात, तेव्हा विचारून घ्या. तळणीचं तेल वेगळं नसतं, हेही लक्षात ठेवा.

रात्री जुन्या शहरात ‘स्गाल्योत्से’. मक्याच्या पिठाची पोलेंटा शिजवून, थापून, गार करून, चौकोनी कापून तळलेल्या वड्या. कोथिंबीर वडीचीच रीत, फक्त मसाला नाही, वर नुसतं मीठ. पिआत्सा मेर्कान्तीलेच्या आसपासच्या गल्ल्यांत घराच्या दारात मोठी कढई ठेवून तळतात. कागदाच्या पुड्यात पाच-सहा, सुटे पैसे हातात ठेवा. बाहेरून कडक, आत लापशीसारखं मऊ. याच कढईत ‘पोपीत्से’ही होतात, आंबवलेल्या पिठाची गोल भजी.

जुन्या शहराची पूर्वी बरीच बदनामी होती, आता रात्रीही कुटुंबं फिरत असतात. गर्दीत पर्स पुढे धरा, एवढी काळजी पुरे.

एखादा दिवस बाहेर

पोलिन्यानो आ मारे हे कड्यावरचं गाव लोकल ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर. आल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपराची दगडी घरं १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मातेराची लेण्यांसारखी घरं १९९३ पासून. तिथे जाणारी छोटी रेल्वे मुख्य स्टेशनच्या चौकातूनच, पण वेगळ्या स्टेशनवरून सुटते. रविवारी जाणार असाल तर गाड्या आहेत का ते आधी बघून घ्या. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारा, नाहीतर दंड होतो.

मातेराच्या वाटेवर आल्तामुरा लागतं. इथला पाव ड्युरम रव्याचा, आंबवणाने फुगवलेला, जाड सालीचा, कित्येक दिवस टिकणारा. पूर्वी डोंगरात आठवडाभर राहणारे मेंढपाळ तो बरोबर नेत. याच गावात २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय बर्गर साखळीचं मोठं दुकान उघडलं होतं. शेजारच्या बेकरीतल्या फोकाच्चापुढे ते दोन वर्षंही टिकलं नाही.

आणखी एक गाव मराठी माणसाला सांगायला हवं: तारान्तो, बारीहून ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये आठवी भारतीय डिव्हिजन याच बंदरात उतरून इटलीच्या लढाईत शिरली, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. पुढे १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव याच पलटणीचे. तिथल्या धक्क्यावर मी थोडा वेळ नुसतीच उभी राहिले.

घरी काय आणायचं

ताराल्ली, म्हणजे बडीशेप किंवा मिरी घातलेल्या कडक कडबोळ्या. पिठात वाइन असते, ज्यांना चालत नाही त्यांना देताना सांगा. ऑलिव्ह तेल पत्र्याच्या डब्यातलं घ्या आणि चेक-इन बॅगेत ठेवा. ‘कोरातीना’ जातीचं तेल घशाला किंचित झोंबतं, तो त्याचा गुण आहे. ओरेक्किएत्ते मात्र पूर्ण वाळलेलेच घ्या. ओले प्लास्टिकच्या पिशवीत दुसऱ्या दिवशी बुरशी धरतात.

घरी करताना चीमे दि रापाऐवजी मोहरीचा कोवळा पाला चालतो, तो नसेल तर ब्रोकोलीचे तुरे देठांसकट. बारीची पद्धत अशी की भाजी आणि पास्ता एकाच पाण्यात शिजतात. मोठ्या पातेल्यात खळखळत्या मिठाच्या पाण्यात आधी वाळलेले ओरेक्किएत्ते सोडा. ते व्हायला बारा-पंधरा मिनिटं तरी घेतात, जाडी हातची असल्याने चाखूनच ठरवा. शेवटच्या पाच मिनिटांत भाजी त्यातच घाला. तोवर दुसरीकडे ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण आणि सुकी लाल मिरची मंद आचेवर ठेवा, लसूण तांबूस होऊ देऊ नका. पास्ता निथळताना वाटीभर पाणी राखून ठेवा, सगळं कढईत एकत्र करून ते पाणी थोडं थोडं घालत हलवा, म्हणजे तेल आणि पाणी मिळून येतं. वरून शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस परतून भुरभुरवा. चीज परवडत नसे त्या घरांत हाच वापरायचे, आणि आमच्या घरी आता आई हाच मागते.